ट्रम्पेटच्या जागा

गुरुवार, रात्री

मिलिंदने सकाळी जी आदरांजली पुढे पाठवली, तिच्यातला मुंबईच्या जुन्या जॅझ ट्रम्पेटवाल्याचा, चिक चॉकलेटचा, फोटो उलटा आहे. आरशातल्यासारखा. ट्रम्पेटचे तिन्ही पिस्टन, म्हणजे वरच्या कळा, उजव्या हाताने दाबायचे असतात. इथे डावा हात पिस्टनवर आणि उजव्याने वाद्य धरलेलं. कोटाची डावी बाजूही उजवीच्या खाली गेलीय, म्हणजे शंकाच नको. मजकुरात खोट काढायला जागा नाही. खरं नाव आंतोनियो शावियर वाझ, जन्म १९१६, गाव गोव्यातलं हळदोणे, मृत्यू १९६७, 'भारताचा लुई आर्मस्ट्राँग' (आर्मस्ट्राँग म्हणजे अमेरिकेचा नावाजलेला जॅझ ट्रम्पेटवाला). खाली जोडलेले हात आणि एक पणती.

एवढ्यावरून माणसाचा दिवस नासावा का? नासला खरा.

कुणी म्हणेल, फोटो उलटा तर उलटा, माणूस तोच ना. पण डाव्या हाताची अनामिका तिसऱ्या पिस्टनच्या नळीच्या कडीत असते ती शोभेसाठी नव्हे. पहिला पिस्टन दाबला की आवाज एका स्वराने उतरतो, दुसऱ्याने अर्ध्याने, तिसऱ्याने दीडाने. एकापेक्षा जास्त पिस्टन एकदम दाबले की मात्र नळी जेवढी लांबायला हवी तेवढी लांबत नाही, तोकडी पडते. त्यामुळे पहिला-तिसरा जोडीने किंवा तिन्ही एकदम दाबल्यावर स्वर चढा लागतो. तेव्हा ती कडी बाहेर सरकवायची, खालच्या डी ला (पहिला-तिसरा) सेंटिमीटरभर, सी शार्पला (तिन्ही) जवळपास दुप्पट. विसरलं की शेजारच्या व्हायोलिनांशी कुरकुर सुरू. म्हणजे ज्या बोटावर बेसूर व्हायचं की नाही हे ठरतं, तेच बोट त्या फोटोत भलत्या हाताला लावलंय.

सोबत 'अलबेला' सिनेमातल्या 'शोला जो भडके'चा तुकडा जोडलाय. गाणाऱ्यांचा आवाज सुरू होतो तिथे तो सुरू होतो आणि आवाज थांबला की संपतो. मुखडा आणि अंतऱ्याच्या मधलं सगळं संगीत कापून टाकलेलं. ट्रम्पेटवाल्याला आदरांजली म्हणून लता मंगेशकर आणि चितळकर (संगीतकार सी. रामचंद्र गाताना हे नाव लावायचे) ऐकवलेत. त्यांच्याबद्दल आपण काय बोलणार, दोघंही लाजवाबच. पण पणती कुणासाठी लावलीय?

कुणाला सांगायला जावं तर 'तुझं आपलं नेहमीचंच' ऐकून घ्यावं लागतं. असो.

दिवसभर टोचतंय ते मात्र फोटोचं नाहीच. समजा मधलं संगीत कापलं नसतं आणि ट्रम्पेट लख्ख ऐकू आला असता, तरी तो चिकच कशावरून? त्या काळी सिनेमाच्या श्रेयनामावलीत वादकांची नावं देण्याची रीत नव्हती. तबकडीवर सिनेमा, गायक, संगीतकार. बस्स. ज्याचं नाव आपण घेतो त्याचा सूर नेमका कोणता, हे बोट ठेवून दाखवता येत नसेल तर आदरांजली वाहायची कशाला? तारखांना?

शोधायची एक रीत आहे, कष्टाची. आधी त्याच्या म्युझिक मेकर्स या बँडच्या नावावर निघालेल्या तबकड्या ऐकायच्या, कारण तिथे नावाचा वाद नाही. चाल सोडून द्यायची, सवयी पकडायच्या. स्वराला पहिला धक्का जिभेने किती कडक दिलाय. वरचा स्वर थेट घेतलाय की खालून ओढत आणलाय. लांब स्वर आधी सरळ ठेवून शेवटी शेवटी हलवलाय की पहिल्यापासूनच थरथरतोय. सरळ धरून शेपटाला हलवणं ही आर्मस्ट्राँगची खूण. हे सगळं कानात मुरलं की मग सिनेमाची गाणी घ्यायची.

तिथे पहिली ठेच वेगाची. मिनिटाला ७८ फेऱ्यांची तबकडी ८२.६ च्या वेगाने फिरली की पट्टी पेटीच्या एका घराने चढते, काळी चारची पांढरी सहा होते, आणि ट्रम्पेटचा आवाज आहे त्यापेक्षा कोवळा वाटायला लागतो. व्हिडिओवरून उतरवलेली गाणी आणखी फसवी. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी चालतो, आपल्याकडचा टीव्ही २५ ने. तसंच्या तसं उतरवलं की चार टक्के वेग वाढला, म्हणजे कोमल-शुद्धात जेवढं अंतर त्याच्या पाऊणभर चढलं. पट्टी दोन घरांच्या मध्येच कुठेतरी लटकत असेल तर वेग बिघडलाय हे नक्की. आधी तो सुधारायचा, मग सुराबद्दल बोलायचं.

पट्टीवरून एक गंमत कळते. नेहमीचा ट्रम्पेट बी फ्लॅटचा, म्हणजे कागदावरचा सी वाजवला की बी फ्लॅट ऐकू येतो, म्हणून त्याचा नोटेशनचा कागद एक स्वर वर चढवून लिहावा लागतो. आपली काळी पाच म्हणजे ट्रम्पेटचा साधा सी, एकही शार्प-फ्लॅट (अर्धा स्वर चढवायची-उतरवायची खूण) नाही. काळी दोनला एक फ्लॅट, काळी चारला दोन, काळी एकला तीन. आणि पांढरी तीन सांगितली की सहा शार्प! पेटीवाल्याला जी पट्टी डोळे मिटून येते तिथे ट्रम्पेटवाल्याच्या बोटांची गाठ होते, आणि नवशिक्या पेटीवाला जिला बिचकतो त्या काळीवर हा घरच्यासारखा वावरतो. पट्टी गायिकेच्या गळ्याला धरून ठरायची, ट्रम्पेटला विचारून नाही. मागे उभ्या ट्रम्पेटवाल्याने मुकाट्याने कागद बदलून लिहायचा. गोव्याच्या पॅरिश (चर्चच्या) शाळांमध्ये नोटेशन वाचायला शिकलेली ही वादक मंडळी तिथे उपयोगी पडली. संगीतकाराने गुणगुणलेली चाल कागदावर उतरवायची, खाली हार्मनी भरायची, कुठलं वाद्य कुठे बोलेल ते ठरवायचं. सी. रामचंद्रांकडे चिक हेच करत होता. नुसतं वाजवत नव्हता.

दुसरी ठेच म्यूटची, म्हणजे आवाजाचा रंग बदलायला ट्रम्पेटच्या कर्ण्यात बसवतात त्या साधनाची. सरळ म्यूट लावला की आवाज टोकदार होतो आणि किंचित चढतो. कप म्यूट लावला की मऊ होतो आणि उतरतो. हार्मन म्यूटला भोवती पूर्ण बुचाची कड असते, सगळी हवा त्याच्याच पोटातून जाते, म्हणून तो गुणगुणल्यासारखा वाजतो. ओळखीच्या या खुणा वरच्या कंपनांत असतात. आणि खरखर काढायच्या नादात लोक पाच हजार हर्ट्‌झच्या वरचं सगळं छाटून टाकतात. गाणं स्वच्छ झालं, शाबास. पण सरळ म्यूट कुठला आणि कप कुठला, ओळखून दाखवा. मला खरखर चालते. खड्यांबरोबर गहूही टाकून द्यायचा हा कुठला निवडण्याचा प्रकार?

तिसरी ठेच माईकची. गाणं एका दमात, एकाच ट्रॅकवर मुद्रित व्हायचं. कोणाचा आवाज किती यायचा ते कोण माईकपासून किती लांब उभा आहे त्यावर ठरायचं. ट्रम्पेटचा आवाज मोठा, म्हणून तो मागे. तिसऱ्या अंतऱ्यात कोणी एक अक्षर चुकलं की सगळं पहिल्यापासून. व्हायोलिनवाल्याचा हात दुखतो, ट्रम्पेटवाल्याचा ओठ मरतो. ओठ मेला की वरचे स्वर आधी जातात, मग धार जाते. तेव्हा जे आपण ऐकतो ते ताज्या ओठाचं की थकलेल्या, हेही धरावं लागतं. एकाच माणसाचे दोन माणसं वाटतील असे आवाज निघतात.

एवढं करूनही, हा चिकच कशावरून? फ्रँक फर्नांडही ट्रम्पेटच वाजवत होता, मुंबईतच, तोही सिनेमात. त्या पिढीने आर्मस्ट्राँगच्या तबकड्या घोटल्या होत्या, सगळ्यांचंच शेपूट सारखं हलतं. 'अलबेला'त 'दीवाना ये परवाना'ला बँड पडद्यावर दिसतो, झालरीच्या बाह्या घालून, चिकसकट. पण गाणं आधी मुद्रित होतं, पडद्यावर नुसती नक्कल. एक आहे, बोटं बघता येतात. नट नुसता पिस्टन बडवतो. वादकाची बोटं सवयीने खरी पडतात, जी ला तिन्ही मोकळी, एफ ला पहिला, ई ला पहिला-दुसरा. आवाज बंद करून बोटं वाचायची, मग आवाज लावून ताडून बघायचं. एवढं करून ती जागा, म्हणजे ट्रम्पेटचा तो मधला तुकडा, त्याला पाठ होती हे कळेल. वाजवली त्यानेच का, हे नाही कळणार.

इथपर्यंत लिहिल्यावर स्वतःचंच हसू येतंय. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यासारखं वाजवण्याचे पैसे घेतले, त्याचा वेगळा सूर मी भिंग लावून शोधतोय. ताज हॉटेलात नाचणाऱ्यांना तबकडीवर होतं तसंच हवं असायचं. हुबेहूब वाजवणं हेच काम होतं आणि ते येणं हीच किंमत. टेडी वेदरफर्डसारखा अमेरिकेतून आलेला पियानोवाला शेजारी असताना ज्यांनी हे निभावलं, त्यांना नक्कल म्हणजे काय हे माझ्याकडून शिकायचं नव्हतं. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर रात्रीच्या त्या दुनियेचं काय झालं, तो वेगळाच विषय. सिनेमाचं काम होतं म्हणून बरं.

'भारताचा आर्मस्ट्राँग'चं मात्र अजूनही जात नाही डोक्यातून. तो कदाचित खूष असेल त्या बिरुदावर. राहू दे बापडं.

आणि त्याचा वाटा तरी कुठे नाही? वरातीतला बँड अजून 'अलबेला'ची गाणी वाजवतो, 'भोली सूरत' लागली की आजोबासुद्धा भगवानदादा होतात. फक्त तिथेही ट्रम्पेटवाला गायकाची ओळ वाजवतो, आणि मधल्या जागा, ज्या मुळात वाद्यांच्या होत्या, त्या ढोल-ताशा खाऊन टाकतो. वाद्य हातात आहे, वाजवणारा आहे, दमही आहे, कागद तेवढा नाही. चिकच्या असोत की आणखी कुणाच्या, त्या जागा लिहून काढायला दोन पानं पुरतील. एक स्वर वर चढवून, मोठ्या अक्षरात, चालता चालता वाचता येईल असं. वरातीत पट्टीचं बंधन नाही, तेव्हा गाणं सरळ काळी पाचमध्ये घ्यावं, पोरांना सोपं पडेल. वर जी च्या पलीकडे काही ठेवायचं नाही. तासभर चालल्यावर ओठ तिथपर्यंतच साथ देतो.