तुम्ही विचारलंत म्हणून: माझा खरा वाढदिवस कधी?

दरवर्षी 1 जुलैला सकाळपासून व्हॉट्सॲपवर केकचे फोटो यायला लागतात, अन् दुपारपर्यंत कोणीतरी विचारतंच, की तुम्ही, तुमचा भाऊ, दोन चुलतभाऊ, सगळेच 1 जुलैचे कसे काय? अन् मग खरा कधी? तर ही सगळी आमच्या मोठेबाबांची करणी आहे.

मोठेबाबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, दारव्ह्याकडच्या आमच्या गावात झेडपीच्या शाळेत गुरुजी. पोट्टं शाळेत घालायला आणलं की त्याला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावायचे. कान हाती लागला की झालं सहा वर्षांचं, नाही लागला तर "आनखी एक पावसाळा खाऊ द्या त्याले". मग दाखलखारीज रजिस्टर काढायचं, साल मागे मोजायचं अन् जन्मतारीख 1 जुलै. गावच्या कोतवालाच्या बुकात जन्माची नोंद असायची म्हणा, पण तिची नक्कल काढायला दिवसाची मजुरी बुडवून तहसीलला कोण जाणार? विदर्भात उन्हामुळे शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडते, म्हणून तिकडे 1 जूनवाले जास्त अन् आपल्याकडे 1 जुलैवाले, असा माझा आपला अंदाज. (वसंतराव नाईकांचाही 1 जुलैच, 1913 चा, पुसदजवळच्या गहुलीचा, कृषी दिन त्याचाच. त्यांचा खरा असेल.)

मोठेबाबांची स्वतःची तारीखही त्यांच्या गुरुजींनी दिलेली, तीच. ती मात्र त्यांना महागात पडली. महिन्याच्या 1 तारखेला जन्मलेला नोकरदार आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी रिटायर होतो, म्हणून ते 58 व्या वर्षी, 30 जून 2009 ला घरी बसले, अन् वर्षभर राबून कमावलेली इन्क्रिमेंट लागणार होती 1 जुलैला. एका दिवसानं गेली. ऑफिसात तीनचार चकरा मारल्या, कोणी नीट बोललंही नाही. 2023 ला सुप्रीम कोर्टानं अशा लोकांच्या बाजूनं निकाल दिला, तेव्हा मोठेबाबा नव्हते. मला विचाराल तर मला अजून राग आहे, ते मात्र हसायचे, "गावभर वाटली तेच तारीख मले भोवली".

ते गेल्यावर मोठ्या आईनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, त्यांची पेटी उघडली, तर धोतराखाली एक लांबोडकी वही, खताच्या कंपनीची फुकटची. आत शाईनं एकेक ओळ. रजिस्टरात 1 जुलै लिहून झाल्यावर ती माय जे सांगायची, ते घरी येऊन इथं उतरवायचे. "तुरीले फूल होतं." "पोळ्याच्या करीले, बैल पाण्यात होते." "72 च्या दुष्काळात, खडी फोडायच्या कामावर." एकीपुढे नुसतं "माय सांगत नाही". सगळी मिळून दोनशेच्या वर पोरं असतील. पानं उलटता उलटता मोठी आई गप्पच झाली, तिलाही माहीत नव्हतं.

माझ्या वेळेस तर ते घरातच होते, तारीख त्यांना पाठ असणार. आईनं तेव्हा विचारलंच, आपल्या पोराले तरी खरी द्या भाऊजी. तर म्हणे, "साऱ्या गावाच्या पोट्ट्यायले एकच देली, मंग घरच्याले येगळी कशी देऊ?" म्हणून वहीत मी माझं नाव शोधलं. भावाच्या नावाखाली होतं, तिथंही तारीख नाहीच. "सीतादहीचा दिवस, पराटीची पयली वेचणी. त्याच राती गाय व्याली."

सीतादही म्हणजे पराटीची, कापसाची, पहिली वेचणी करतानाची शेतातली पूजा. म्हणजे दसरा-दिवाळीच्या मधात कधीतरी. बायको म्हणते तेव्हाच केक आणू. आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, गाय दुसऱ्या दिवशी व्याली होती, लिवणारा झोपला होता.