रिफ्रेश केल्यावर ठीक झालं

सपोर्टकडून तिकीट आलं: ‘बिलांच्या यादीत दुसऱ्याच कंपनीची बिलं दिसली. रिफ्रेश केल्यावर ठीक झालं.’ खाली सपोर्टची टीप, ‘कॅशे (साठवलेली जुनी प्रत) असेल, तिकीट बंद करू का?’ रिफ्रेशने बरं होणारं तिकीट बंद करायची सगळ्यांनाच घाई असते. माझ्या मते त्याच्याइतकं गंभीर तिकीट दुसरं नाही.

आमच्या सगळ्या ग्राहकांचा डेटा एकाच पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये, त्याच टेबलांत. प्रत्येक ओळीवर टेनंट आयडी, म्हणजे ती ओळ कोणत्या ग्राहकाची याची खूण, आणि वर रो लेव्हल सिक्युरिटी, म्हणजे कोणाला कोणत्या ओळी दिसाव्यात हे ठरवणाऱ्या डेटाबेसमधल्याच पॉलिसी. पोस्टग्रेसमध्ये 2016 च्या 9.5 आवृत्तीपासून ही सोय आहे. क्वेरीत कोणी अट घालायला विसरलं तरी परक्या ओळी डेटाबेसच गाळतो. पॉलिसी तपासल्या. सगळ्या जागेवर होत्या.

मात्र ‘हा टेनंट कोण’ हे पॉलिसीला कळतं सेशनमधल्या, म्हणजे डेटाबेसशी जोडलेल्या त्या कनेक्शनवरच्या, सेटिंगवरून. ती आम्ही रिक्वेस्टच्या सुरुवातीला साध्या ‘सेट’ने भरायचो. पूर्वी प्रत्येक रिक्वेस्टला स्वतःचं कनेक्शन होतं, तेव्हा हे बरोबर होतं. मग कनेक्शन कमी करायला पीजीबाउन्सर आला, म्हणजे थोडी कनेक्शनं सगळ्या रिक्वेस्टमध्ये वाटून देणारा मध्यस्थ प्रोग्राम, तोही ट्रान्झॅक्शन मोडमध्ये: एक ट्रान्झॅक्शन (एकत्र पार पडणाऱ्या क्वेरींचा गट) संपलं की कनेक्शन दुसऱ्याला. आता ‘सेट’ एका कनेक्शनवर आणि पुढची क्वेरी दुसऱ्यावर जाऊ शकते, आणि त्या दुसऱ्यावर आधीच्या माणसाचा टेनंट तसाच बसलेला असतो. पॉलिसीने काम चोख केलं, फक्त भलत्याच ग्राहकासाठी. गर्दी नसेल तर पीजीबाउन्सर नुकतंच मोकळं झालेलं कनेक्शनच पुन्हा हातात देतो, म्हणून टेस्टमध्ये सगळं हिरवं.

पूलचा, म्हणजे पीजीबाउन्सरकडच्या कनेक्शनांच्या साठ्याचा, आकार एकवर आणला, दोन युजरच्या रिक्वेस्ट एकमेकींत घुसवल्या, आणि पहिल्याच फटक्यात परकी बिलं पडद्यावर आली. उपाय छोटा होता: सेटिंग आणि क्वेरी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, ‘सेट लोकल’ वापरून. ट्रान्झॅक्शन कमिट (पूर्ण) झालं की सेटिंग पुसली जाते. ती न भरता क्वेरी आली तर आता थेट एरर येते.

खरा त्रास त्यानंतरचा. आणखी कोणी काय पाहिलं? लॉगमध्ये युजर, यूआरएल आणि 200, म्हणजे ‘यशस्वी’ हा कोड. ओळी कोणाच्या गेल्या, याची नोंदच नाही. मग सुचलं की परकं बिल दिसल्यावर कोणीतरी त्यावर क्लिक केलं असणार, आणि ती क्वेरी योग्य कनेक्शनवर गेली असेल तर 404, म्हणजे ‘सापडलं नाही’ हा कोड, आला असणार. बिलांचे आयडी सगळ्या ग्राहकांत मिळून एकमेव असतात. 404 गाळून आयडी जुळवले, तर आणखी काही ग्राहक सापडले. या युक्तीचा मला अभिमान आहे.

पण ज्यांनी यादी नुसती पाहिली आणि क्लिक केलं नाही, त्यांचा माग कुठेच नाही. मी म्हटलं, पीजीबाउन्सर आल्यापासून ज्यांचा डेटा यात होता त्या सगळ्यांना कळवू. मॅनेजर म्हणाले, पुरावा आहे त्यांनाच. पत्रं तेवढीच गेली. ‘पुरावा नाही’ म्हणजे आमच्या लॉगला माहीत नाही, एवढंच. हे मला अजूनही पटलेलं नाही, आणि उरलेल्यांना कळवावं हा आग्रह मी सोडलेला नाही.