बोंडल्यात झाडांपाशी थांबून पाहिलेले कीटक

ऑक्टोबरच्या अखेरीस, पाऊस ओसरला असला तरी रान अजून ओले असताना, आम्ही तिघे फोंड्याहून उसगावमार्गे गोव्यातील बोंडला अभयारण्यात गेलो. हे अभयारण्य जेमतेम ८ चौरस किलोमीटरचे आहे. फुलपाखरांमागे धावायचे नाही, तर एकेका झाडापाशी थांबून त्याच्यावर कोण कोण जगते ते पाहायचे, असे आम्ही आधीच ठरवले होते.

सकाळचा बहुतेक वेळ ऐनाच्या एका झाडापाशी गेला. त्याच्या खालच्या फांदीवर हिरवी पाने जोडून केलेले घरटे होते. ‘पान ओढू नका दादा, आत हुमले आहेत,’ असे वाटाड्याने वेळीच बजावले. हुमले म्हणजे झाडावर घरटी बांधणाऱ्या तांबड्या मुंग्या, ओंबील. घरट्याची एक कड सुटली होती आणि तिची दुरुस्ती चालली होती. एका रांगेतल्या मुंग्यांनी दोन पानांच्या कडा पाय आणि जबड्यांनी जवळ ओढून धरल्या होत्या, तर दुसऱ्या मुंग्या तोंडात स्वतःच्याच वसाहतीतील अळ्या धरून त्या कडांवरून विणकराच्या धोट्यासारख्या मागेपुढे फिरवत होत्या. रेशीम निघते ते अळीतून. प्रौढ मुंगीला ते काढता येत नाही.

त्याच फांदीवर भिंगातून ओकब्लू फुलपाखराची चपटी अळी दिसली. एरवी हाती लागेल त्या अळीची शिकार करणारे हुमले हिच्या पाठीवर मिशांनी हलकेच थापटत होते, कारण तिथल्या ग्रंथीतून गोड द्रव पाझरतो. त्या बदल्यात परजीवी गांधीलमाश्यांपासून तिचे रक्षण होते. हेच हुमले काजूच्या बागेत कोवळ्या फुटीतला रस शोषणारे ढेकण्या किडे टिपतात. तरीही चावतात म्हणून त्यांची घरटी जाळली जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

पुढे सापसंदाच्या वेलीवर सह्याद्री बर्डविंग फुलपाखराची काटेरी मांसल अळी मिळाली. ही वेल विषारी असते. अळी तेच विष अंगात साठवते आणि त्यामुळे पक्षी तिच्यापासून दूर राहतात. वाटेच्या कडेला सुकलेल्या घागरीच्या झुडपावर ब्लू टायगर जातीच्या फुलपाखरांचे नर दाटीने बसले होते. त्यांच्या अळ्या हे झाड खात नाहीत. मादीला आकर्षित करणारा गंध तयार करण्यासाठी लागणारी अल्कलॉइडे, म्हणजे वनस्पतीतली विशिष्ट रसायने, मिळवायला नर तिथे येतात. म्हणून असे वाळके झुडूप दिसले, तर निरुपयोगी समजून पुढे जाऊ नये.

जाणाऱ्यांनी सकाळी आठच्या सुमारास पोहोचावे, कारण ऊन पडल्यावर फुलपाखरे पंख शेकायला बसतात. गुरुवारी अभयारण्य बंद असते, तरी निघण्यापूर्वी वेळा विचारून घ्याव्यात. पूर्ण बाह्यांचे कपडे, बंद बूट आणि दहापट मोठे दाखवणारे भिंग पुरेसे आहे. पावसाळ्यात जळवांसाठी लांब मोजे हवेत. कीटकरोधक मलम लावलेल्या हातांनी अळीला किंवा तिच्या पानाला स्पर्श करू नये. ऐन, सापसंद, घागरी आणि आंब्यावरचे बांडगूळ या चार वनस्पती घरूनच नीट ओळखून निघावे. बांडगुळाच्या पानांखाली जेझेबेल फुलपाखराच्या पिवळ्या अळ्या एकत्र खाताना दिसतात. आम्ही मान वर करून पाहायचे विसरलो, आणि त्या आम्हाला परतताना, फाटकाजवळच्या आंब्यावर दिसल्या.