निमित्त हवं

लग्नाचं विचारायला धाडस लागतं म्हणतात. मला विचाराल तर तो भाग सोपा. अवघड आहे ते तिला सुट्टीच्या दिवशी भल्या सकाळी, बऱ्यापैकी कपड्यांत, काडीचाही संशय येऊ न देता ठरल्या जागी आणणं. गणपतीच्या आधी भाच्याने मला कटात घेतलं, तेव्हा त्याच्याकडे अंगठीपुरते पैसे होते, झाडाआड लपून फोटो काढायला एक मित्र होता, केकची चवसुद्धा ठरली होती. निमित्त तेवढं नव्हतं. ते खातं माझ्याकडे आलं. मावशीवर कुणी संशय घेत नाही, असं त्याचं म्हणणं.

आमच्या वेळी निमित्त लागायचंच नाही. कांदेपोह्यांची बशी कशासाठी फिरतेय आणि मुलगा सारखा घाम का पुसतोय, हे शेजारच्या काकूंनाही माहीत असायचं. आता सगळं गुपचूप, पण उत्तर मात्र तेव्हासारखंच आधी ठरलेलं. ती आमच्याकडे दर गणपतीला मोदक वळायला बसते, तिच्या बाबांचं इन्कम टॅक्सचं रिटर्न हा भरतो. इतकं झाल्यावर नकार येणार कुठून? लपवायची काय ती तारीख आणि जागा, आणि तेवढ्यासाठी पाच-सहा माणसं महिनोन् महिने कुजबुजतायत.

त्याची पहिली पसंती होती कास पठार. सोनकी, तेरडा, सीतेची आसवं, सगळं एकदम फुललेलं आणि मधोमध ही दोघं, असं चित्र त्याच्या डोक्यात. पण तिथे फुलांत पाऊल पडलं की राखणदाराची शिट्टी वाजते, मग गुडघा टेकायचा कुठे? वाटेवर टेकावा तर मागून येणारे म्हणणार, ‘दादा, जरा बाजूला.’ त्यात ताईने कालनिर्णय उघडलं. कासचा बहर सप्टेंबरातला, आणि याने निवडलेला शनिवार नेमका पितृपक्षात.

“पितरांच्या पंधरवड्यात विचारणार?”

“आई, नुसतं विचारायचंय. लग्न नाही लावत.”

“मग घटस्थापनेला विचार की. कुणी अडवलंय?”

“तोवर फुलं उतरणीला लागतात.”

ताईने फुलांपेक्षा पितर मोठे ठरवले आणि कास बारगळलं. मग सिंहगडावर सूर्योदय. हे मीच हाणून पाडलं. रविवारी पहाटे अर्धं पुणं सिंहगडावर असतं आणि त्यातलं निम्मं ओळखीचं निघतं. पिठलं-भाकरीवाल्या मावशींपर्यंत पोचायच्या आत कुणीतरी हाक मारणार, ‘काय रे, आज इस्त्रीचा शर्ट?’

अंगठीचं माप घ्यायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. सराफाकडे नंबर घातलेल्या कड्यांचा जुडगा असतो, एकेक कडी बोटात घालून बघायची. पण बोट दुकानात न्यायचं कसं? गौरीजेवणाच्या दिवशी तिने उकड मळताना आपली चांदीची अंगठी काढून मिठाच्या बरणीशेजारी ठेवली. मी ती वाणसामानाच्या यादीवर ठेवली आणि आतल्या कडेने पेन्सिल फिरवली. एका बाजूला रेघ, दुसऱ्या बाजूला ‘तूरडाळ, हिंग, साबुदाणा’. सराफाने कागद उलटसुलट बघून विचारलं, “मधल्या बोटातली की अनामिकेतली?” हे मी पाहिलंच नव्हतं. मग त्यांनी समजावलं, की उकाड्यात बोट फुगतं, थंडीत सुकतं. अंगठी सांध्यावरून सरकली पाहिजे आणि मुळाशी गरगर फिरता कामा नये. थोडी सैलच करू, सैल अंगठी आवळणं सोपं. आत ९१६ ऐवजी ७५० कोरलेलं पाहून ताईला फसवणुकीचा वास आला. हिरा धरून ठेवायला बावीस कॅरेट मऊ पडतं म्हणून अठरा, हे तिला अजूनही पुरतं पटलेलं नाही. हिऱ्याच्या अंगठीनेच मागणी घालायची ही तऱ्हासुद्धा अमेरिकेत विसाव्या शतकात डी बिअर्स या हिरेकंपनीच्या जाहिरातींनी घट्ट केली, पण ऐन खरेदीत भाच्याला हे सांगून उपयोग नव्हता.

मध्येच त्याने क्रिकेटच्या मैदानाचं काढलं. ऑक्टोबर २०२१मध्ये दुबईत सामना संपल्यावर दीपक चहर प्रेक्षकांत गेला आणि गुडघ्यावर बसून त्याने मैत्रिणीला अंगठी दिली. टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं. छानच दिसलं. मला काळजी वाटते ती हे पाहून मॉलच्या फूडकोर्टात गुडघा टेकणाऱ्यांची. भोवती पन्नास मोबाइल उगारलेले असताना मुलीने ‘जरा थांब, आधी बोलू’ म्हणायचं कुठल्या तोंडाने?

निमित्त शोधावं तर आपल्या विदर्भाच्या रुक्मिणीने. भावाने शिशुपालाशी लग्न ठरवलेलं, म्हणून तिने एका ब्राह्मणाच्या हाती श्रीकृष्णाला निरोप धाडला. भागवतात तो सात श्लोकांचा आहे. प्रेम-बीम सगळं आहेच त्यात, पण माझा जीव सहाव्या श्लोकावर. ती म्हणते, मी राहते अंतःपुरात, माझ्या माणसांना न मारता मला कसं नेणार म्हणशील, तर ऐक. लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्यात कुलदेवीची मोठी यात्रा असते, तेव्हा नवरी गावाबाहेर गिरिजेच्या दर्शनाला जाते. जागा, वेळ, निमित्त, सगळं तिने आखून दिलेलं. त्याने फक्त रथ घेऊन यायचं. नवरीला देवळात जाऊ नकोस म्हणायची कुणाची टाप होती? पंक्तीची वाट बघत बसलेल्या शिशुपालाकडच्या वऱ्हाडाचं काय झालं असेल, ते सोडा.

तिथेच मला सुचलं, पर्वती! मला देवदेवेश्वराच्या दर्शनाला जायचंय, पायऱ्या चढायला सोबत हवी, एवढं म्हटलं की ती येणार. देवळात जायचं म्हणून नीट कपडे घालणार आणि सकाळी लवकर उठायलाही कुरकुर करणार नाही. ओळखीचे तिथेही भेटणार, पण देवदर्शनाला आलेल्या मुलीने कानात झुमके का घातले, असं कुणी विचारत नाही. ताईलाही हे पसंत पडलं. देवासमोरच विचारायचं तर मुहूर्ताचं तिने फार ताणलं नाही.

अडलंय ते एकाच ठिकाणी. वर पोचल्यावर मी तिथे नको, असं भाच्याचं म्हणणं. मी त्याला सांगितलं, रुक्मिणीबरोबर सख्या, वडीलधाऱ्या बायका, पहारेकरी, सगळे होते, तरी काही बिघडलं नाही. त्याला ते पटत नाही. मी मध्येच दमल्याचं सोंग करायचं, पायरीवर बसायचं आणि ‘तू हो पुढे’ म्हणून तिला वर पाठवायचं, असा त्याचा बेत आहे. पर्वतीला पायऱ्या एकशे तीन. तो मला पन्नासाव्या पायरीला दमवू बघतोय, मी नव्वदच्या खाली यायला तयार नाही. तिथून निदान ऐकू तरी येईल.