टीम नव्हती तेव्हाची टोपी

"टीम बंद होती ना, तेव्हाही मी हीच घालून फिरायचो," कॅफेत शेजारच्या टेबलावरचे आजोबा आज म्हणाले. हिरवी टोपी. कडेची शिलाई उसवलेली, सोनेरी अक्षरं पार विटलेली.

इथे अमेरिकेत, अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये, युएबी (युनिव्हर्सिटी ऑफ अलाबामा ॲट बर्मिंगहॅम) या विद्यापीठाने डिसेंबर २०१४ मध्ये खर्च परवडत नाही म्हणून अमेरिकन फुटबॉल बंद केलं, सोबत रायफल नेमबाजी आणि बोलिंगही. विद्यार्थी, चाहते चिडून उठले. गावाने पैसा उभा केला. जून २०१५ मध्ये निर्णय फिरला आणि २०१७ मध्ये टीम परत मैदानात उतरली, ती थेट बहामाज बोल या मोसमाअखेरच्या खास सामन्यापर्यंत पोचली!

आजोबांचं वाक्य दिवसभर डोक्यातून जाईना. विद्यापीठाने हिशेब बघायलाच हवा, मान्य. पण घसा बसेपर्यंत ओरडणाऱ्यांचीही ती टीम असते. त्यांना आधी विश्वासात घ्यायला काय हरकत होती?