चावरा म्हणून सांगितलेला कुत्रा

फोनवरच बजावलं होतं, "ताई, चावरा आहे, मझल घेऊन या." मझल म्हणजे कुत्र्याच्या तोंडाला बांधायची जाळी. मी घरोघरी जाऊन कुत्र्यांचं ग्रूमिंग करते, म्हणजे केस विंचरते, कापते; हे वाक्य मला नवीन नाही. घर कोथरूडमधलं, दिवस ऐन श्रावणातले. कुत्रा शिह त्झू या लांब केसांच्या छोट्या जातीचा, जेमतेम वर्षाचा. या वयात पिल्लाचे केस जाऊन मोठेपणीचे येतात. सुटलेला केस खाली न पडता वरच्या केसांत अडकतो आणि गुंत्याला तिथून सुरुवात होते.

"रोज ब्रश करते मी," सून म्हणाली. ते खोटं नव्हतं. वरचे केस मऊ, चमकदार होते. पण माझा धातूचा कंगवा बोटभर आत गेला आणि अडकला, खाली पार घोंगडं झालं होतं. केस थराथराने बाजूला करून कंगवा कातडीपर्यंत पोचला तरच ते विंचरणं. ही गोष्ट पिल्लू विकणाऱ्याने सांगायला हवी, पण कोणी सांगत नाही.

गुंता असलेल्या कुत्र्याला आधी अंघोळ घालायची नसते. पाण्याने गाठी आणखी आवळतात, आत ओल राहते आणि पावसाळ्यात खालची कातडी कुजते, कधी अळ्याही पडतात. याला मात्र एका दुकानात आधी शाम्पू केला होता, मग ड्रायर, मग वरवर कात्री. मानेपाशी अंगावर आला म्हणून तेवढा भाग सोडला आणि घरच्यांना सांगितलं, स्वभाव तापट आहे. याचा मला अजून राग येतो. जो कुत्रा पंजे, पोट, शेपटी निमूटपणे हातात देतो आणि एकाच जागी दात दाखवतो, त्याला तिथे दुखत असतं. मशीन विकत घेतलं की झाला ग्रूमर, अशी या धंद्याची स्थिती आहे.

मझल न घालता पाठीपासून सुरुवात केली. मशीनला 10 नंबरचं ब्लेड लावलं, ते सुमारे दीड मिलिमीटरच केस ठेवतं. लांब केस ठेवणाऱ्या ब्लेडच्या दातांत फट मोठी असते, सैल कातडी तिच्यात अडकून कापली जाते. एका हाताने कातडी ताणायची, दुसऱ्याने ब्लेड गुंत्याखालून हळू सरकवायचं आणि दर थोड्या वेळाने ते मनगटाच्या आतल्या बाजूला लावून तापलंय का बघायचं. कान शेवटी ठेवले. जड गुंता एकदम निघाला की कुत्रा सारखे कान झटकतो आणि कानाच्या पाळीत रक्त साकळतं.

मानेजवळ आले तेव्हा वास बदलला. ओल्या केसांचा वास वेगळा, पुवाचा वेगळा. मशीन बंद करून बोटांनी केस उकलले, तर आत काळा दोरा. पिल्लू घरी आलं तेव्हा नजर लागू नये म्हणून आजींनी बांधलेला. पिल्लू वाढलं, दोरा तेवढाच राहिला आणि कातडीत रुतत गेला.

"कापून टाका ना," मुलगा म्हणाला. मी नाही कापला. कातडीत रुतलेला दोरा कात्रीने काढणं हे ग्रूमरचं काम नाही, ते डॉक्टरांनी भूल देऊन करायचं. त्याच संध्याकाळी त्यांनी ते केलं.

"मीच बांधला गं," म्हणत आजी रडत होत्या. त्यांना काय बोलणार? कुत्रा दिवसभर त्यांच्याच मांडीवर असायचा. पण मानेला हात लावला की तो गुरगुरतो म्हणून सगळ्या घराने मानेला हात लावणंच सोडलं होतं, ते माझ्या डोक्यातून जात नाही.

आता कुठेही गेले की आधी पट्टा काढायला लावते आणि मानेभोवती बोटं फिरवते. दोरा दिसला तर विचारून काढते. परवा एका घरी नाही म्हणाले, नजर लागते. मग दोऱ्याखालून दोन बोटं सहज जातात का, हे दर आठवड्याला बघा असं सांगून आले. बघतील याची खात्री नाही, म्हणून त्या घरची पुढची वेळ मी मुद्दाम लवकरची ठेवली आहे.