बिनविरोध

अर्ज भरायची मुदत गुरुवारी संध्याकाळी संपली आणि इथल्या विद्यापीठाच्या स्टुडंट्स युनियनमध्ये वेलफेअर ऑफिसर, म्हणजे विद्यार्थ्यांच्या अडचणी बघणाऱ्या, पदासाठी माझा एकटीचाच अर्ज आला आहे, हे कळलं. पहिला फोन बाबांना केला. "म्हणजे बिनविरोध!" ते ओरडलेच. आमचे काका एकदा बिनविरोध सरपंच झाले होते, तेव्हा या शब्दाचं आमच्या घरात काय वजन आहे ते वेगळं सांगत नाही. रात्रीपर्यंत काकांनी फॅमिली ग्रुपवर पेढ्यांच्या बॉक्सचा फोटो टाकला. आईची शंका एवढीच, की हे समाजकल्याण खात्यासारखं काही असतं का आणि पगार किती?

पगार असतो. हेच घरी कुणाला पटत नव्हतं. इथे इंग्लंडमध्ये हे पूर्णवेळचं, वर्षभराचं काम आहे, स्टुडंट व्हिसावरही करता येतं, आणि कायद्याने असं पगारी पद एकाच विद्यापीठात जास्तीत जास्त दोन वर्षं. मग खुर्ची सोडायची. (काकांना हा नियम मी अजून सांगितलेला नाही.)

सोमवारी उमेदवारांची बैठक होती. निवडणुकीचं काम बघणारी मुलगी यादी वाचत माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "तुझ्याविरुद्ध रॉन आहे." मी विचारलं, "कुठल्या डिपार्टमेंटचा?"

सगळे हसले. रॉन म्हणजे 'री-ओपन नॉमिनेशन्स'. प्रत्येक पदाच्या मतपत्रिकेवर हे नाव असतंच. उमेदवार एक असो की सहा, मतदाराला कुणीच पसंत नसेल तर तो रॉनला मत देतो, आणि रॉन जिंकला की अर्ज पुन्हा मागवतात. थोडक्यात, बिनविरोध नावाची गोष्टच इथे नाही.

मला राग आला, खोटं कशाला बोलू. समोर माणूस असता तर त्याच्या जाहीरनाम्यातल्या चुका काढता आल्या असत्या. रॉनला चेहरा नाही, जाहीरनामा नाही, खर्चाचा हिशेब नाही. हरले तर कुणाकडून? कुणाकडूनच नाही! आपल्याकडे २०१३पासून 'नोटा' (वरीलपैकी कुणीही नाही) आहे, पण विधानसभेला नोटाला कितीही मतं पडली तरी उमेदवारांमध्ये जो पहिला तो आमदार होतोच, आणि उमेदवार एकच असेल तर मतदानाचा प्रश्नच येत नाही. बिनविरोध निवड करणाऱ्या गावांना निधी जाहीर करणारे आमदार आपण पाहिलेत. त्यात भांडणं वाचतात, खर्च वाचतो, यात तथ्य आहेच. माघार कोणी का घेतली, हे मात्र आपण विचारत नाही. काकांच्या वेळी मीही विचारलं नव्हतं.

माझ्या कॉलेजात तर निवडणूकच नव्हती. प्राचार्यांनी वर्गातल्या पहिल्या नंबराला वर्गप्रतिनिधी केलं होतं. गंमत म्हणजे आपला जुना विद्यापीठ कायदा, ज्याने गुणवत्तेवर नेमणूक आणली, तो १९९४चा; आणि इथला, ज्याने अशा पदांसाठी गुप्त मतदान सक्तीचं केलं, तोही १९९४चाच. अर्थात आपल्याकडे कॉलेजच्या निवडणुकांत हाणामाऱ्या होत, तेव्हा इथल्यांनी फार शिकवू नये. कोणी शिकवत नव्हतं म्हणा, मीच मनात भांडत होते.

मग प्रचार. खर्चाची मर्यादा तीस पौंड, पावत्या जोडायच्या. माझी जुनी चादर रंगवून बॅनर केला, तर तिची पावती कुठे म्हणून विचारणा! चादर आईने बॅगेत कोंबलेली, नऊ वर्षं जुनी. शेवटी सेकंडहँड चादरीची 'बाजारभावाने' किंमत लावून अडीच पौंड माझ्या खात्यावर टाकले. चिडचिड झाली, पण आवडलंही. आपल्याकडे विद्यार्थी निवडणुकांसाठी लिंगडोह समितीने पाच हजार रुपयांची मर्यादा सुचवली होती. तिथे कुणी चादरीपर्यंत पोचलं असेल असं वाटत नाही.

लायब्ररीच्या दारात उभी राहून पत्रकं वाटताना एका मुलीने मोबाइल पुढे केला. खोलीच्या भिंतीवर काळी बुरशी, पलंगाच्या उशाशीच. घरमालक म्हणे, खिडकी उघडत नाहीस म्हणून होते. आणि डिपॉझिटचं काय झालं तिला माहीतच नव्हतं. ते घेतल्यापासून तीस दिवसांत मान्यताप्राप्त योजनेत ठेवायला लागतं, हे मी तिला तिथेच पत्रकाच्या पाठीवर लिहून दिलं. थंडीने बॉलपेन चालत नव्हतं, तिने तिचं दिलं. मतदानाबद्दल बोलायचं राहूनच गेलं.

निकाल शुक्रवारी रात्री लागला. मला ४१२, रॉनला ९७. लोक मिठ्या मारत होते आणि मी त्या सत्त्याण्णव जणांचा विचार करत होते. एवढ्यांना मी नको होते, की हे पदच नको होतं? की चादर?

बाबांचा फोन आला. "किती मतांनी?"

"बाबा, बिनविरोधला मतं कुठे मोजतात?"

पेढे खाऊन संपले होते. आणि माझ्याविरुद्ध माणूस खरंच कुणी उभा नव्हता.